रेघ डिसेंबरात, निकाल ऑगस्टात

पुण्यात राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने विचारलंय: "अमेरिकेत सत्तेतला पक्षच मतदारसंघ आखतो असं वाचलं. मिशिगन राज्याने ते काम काढून सामान्य नागरिकांच्या आयोगाकडे दिलं. मग तिथलं पक्षीय राजकारण थांबलं का? आणि बेळगावचे श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून निवडून आले, त्याचा या नव्या नकाशाशी काही संबंध आहे का?"

संबंध आहे, आणि चांगलाच आहे. राजकारण थांबलं का, याचं उत्तर मात्र जरा लांबण लावून द्यावं लागेल.

आधी माझी ओळख. मी वीसेक वर्षं डेट्रॉइटच्या पश्चिमेला कॅन्टनमध्ये राहतो. नोकरी नकाशांची: पाण्याच्या लाइनी, रस्ते, भूखंड. आणि संध्याकाळचा उद्योग म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाचा प्रिसिंक्ट डेलिगेट. आपल्याकडचा बूथप्रमुख समजा, फरक इतकाच की याला वरून कोणी नेमत नाही, मतदार निवडतात. काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, क्लार्ककडे एक प्रतिज्ञापत्र द्यायचं. अनामत नाही, सह्या नाहीत. माझ्याविरुद्ध आजवर कोणी उभंच राहिलेलं नाही, म्हणून मी अजिंक्य आहे. तेव्हा मी तटस्थ नाही, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. अजून एक: पुढे 'काँग्रेस' हा शब्द येईल तेव्हा ती अमेरिकेची संसद. नाहीतर आमच्या मामांसारखा घोळ व्हायचा. ठाणेदार काँग्रेसवर निवडून आले म्हटल्यावर त्यांनी फोनवर विचारलं होतं, "तिकडेपण आहे का आपली काँग्रेस?"

आता मुद्द्यावर. काँग्रेसच्या खालच्या सभागृहाच्या, म्हणजे प्रतिनिधिगृहाच्या, जागा ४३५. दर दहा वर्षांनी जनगणना होते, जागा राज्याराज्यांत नव्याने वाटल्या जातात आणि प्रत्येक राज्य आपल्या हद्दीत रेघा मारतं. १९६४ च्या 'वेसबेरी विरुद्ध सँडर्स' निकालापासून एका राज्यातले सगळे काँग्रेसचे मतदारसंघ लोकसंख्येने सारखे असावे लागतात, आणि सारखे म्हणजे जवळपास माणूस मोजून. २०२० च्या जनगणनेत मिशिगनची एक जागा गेली. १४ च्या १३ झाल्या, वाटणी आली दर मतदारसंघाला ७,७५,१७९ माणसं. हा आकडा लक्षात ठेवा, डेट्रॉइटची सगळी भानगड याच आकड्यातून निघते.

रेघा कोणी मारायच्या हे राज्याचा कायदा ठरवतो. बहुतेक राज्यांत ते काम विधिमंडळ करतं, म्हणजे ज्याचं बहुमत त्याची पेन्सिल. डाव दोनच. विरोधकांचे मतदार एका मतदारसंघात कोंबायचे, म्हणजे ती एक जागा ते ऐंशी टक्क्यांनी जिंकतात आणि आजूबाजूच्या चार हरतात. किंवा फोडायचे: एकगठ्ठा वस्ती तीन तुकड्यांत कापून तीन ठिकाणी अल्पमतात टाकायची. याला 'जेरीमँडर' हे नाव कसं पडलं, ती १८१२ सालची गव्हर्नर आणि सॅलमँडरची गोष्ट कुठेही सापडेल, इथे जागा अडवत नाही.

मिशिगनचा २०११ चा नकाशा रिपब्लिकन विधिमंडळाने काढला. तेव्हाचा १४ वा मतदारसंघ डेट्रॉइटपासून वळणं घेत वायव्येला पाँटिअॅकपर्यंत जायचा. अडगळीच्या खोलीत वाट काढावी तसा. पुढे कोर्टात जुने ईमेल बाहेर आले. त्यातल्या एकात, आग्नेय मिशिगनच्या चार काउंट्यांमधला सगळा डेमोक्रॅटिक 'कचरा' चार मतदारसंघांत कोंबता येईल, अशा अर्थाचं वाक्य होतं. कॅन्टन ज्या वेन काउंटीत येतं ती त्या चारांतली एक, त्यामुळे कचऱ्यात आम्हीही. २०१२ मध्ये राज्यभरातल्या काँग्रेसच्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतं डेमोक्रॅट्सना पडली आणि जागा मिळाल्या १४ पैकी ५.

पण माझं म्हणणं समजायला त्याच वर्षीचा आमचा मतदारसंघ जास्त उपयोगी आहे. कॅन्टन तेव्हा ११ व्यात होतं. रिपब्लिकनांसाठी बेतून शिवलेला मतदारसंघ. विद्यमान खासदार थॅडियस मॅकॉटर. उमेदवारी अर्जाला मतदारसंघातल्या मतदारांच्या हजार वैध सह्या लागतात. त्यांच्या माणसांनी जुन्या निवडणुकीच्या सह्यांच्या कागदांची नक्कल करून जोडल्याचं उघड झालं आणि पाच वेळा निवडून आलेल्या खासदाराचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. मग रिपब्लिकन प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, छापील मतपत्रिकेवर एकच नाव उरलं: केरी बेंटिव्होलिओ, माजी शिक्षक, रेनडिअर पाळायचे, नाताळात सांताक्लॉज व्हायचे. पक्षातल्या बड्यांनी धावपळ करून हाताने नाव लिहून मत देण्याची मोहीम चालवली, चालली नाही. नोव्हेंबरात सांताक्लॉज काँग्रेसमध्ये गेले. दोन वर्षांनी पक्षानेच त्यांना प्रायमरीत पाडलं.

हसू येतं, पण यातली गोम बघा. मतदारसंघ एका पक्षासाठी सुरक्षित केला की नोव्हेंबरची निवडणूक नुसती औपचारिकता होते. खरी निवडणूक ऑगस्टमधली प्रायमरी. ऑगस्टमध्ये निम्मं गाव उत्तरेकडच्या तळ्यांवर सुट्टीला गेलेलं असतं. मतदान करतात थोडे, त्यात म्हातारे जास्त, आणि त्यांच्या दारापर्यंत कोण पोचतो यावर निकाल. नकाशावाद्यांच्या चर्चेत नोव्हेंबरचे आकडे असतात, ऑगस्टचा उल्लेखही नसतो. आमच्यासारखे दारं ठोठावणारे ऑगस्ट धरूनच नकाशा वाचतात.

२०१६ च्या निवडणुकीनंतर दोन दिवसांनी केटी फेही नावाच्या पंचविशीतल्या तरुणीने फेसबुकवर दोन ओळी टाकल्या: मिशिगनमधलं जेरीमँडरिंग मोडायचंय, कोणाला यायचंय? त्यातून चळवळ उभी राहिली, स्वयंसेवकांनी चार लाखांहून जास्त सह्या जमवल्या, आणि २०१८ मध्ये राज्यघटनेतली दुरुस्ती सुमारे ६१ टक्के मतांनी मंजूर झाली. मीही सह्या गोळा केल्या, त्यातल्या बऱ्याचशा मंडळाच्या गणपतीत आरतीच्या रांगेत. एका काकूंनी सही करताना विचारलं, "याने नगरसेवक बदलेल का?" मी म्हटलं, "खासदार." "मग काय उपयोग?" तरी सही केली.

आयोगात १३ माणसं: ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कोणाचेच नाहीत. अर्ज मागवून चिठ्ठ्या काढून निवडलेली. पदाधिकारी, उमेदवार, लॉबी करणारे, त्यांचे जवळचे नातेवाईक यांना मज्जाव. निकषांचा क्रम घटनेतच लिहिलेला: आधी समान लोकसंख्या आणि मतदान हक्क कायदा (वंशामुळे कोणाच्या मताची किंमत कमी होऊ नये यासाठीचा), मग सलगता, मग 'समान हितसंबंधांचे समुदाय', मग कोणत्याही पक्षाला अवाजवी फायदा नको, मग विद्यमान लोकप्रतिनिधींचा विचार नको. गावांच्या आणि काउंट्यांच्या हद्दी त्याच्याही खाली. आटोपशीर आकार सगळ्यात शेवटी.

सुनावण्यांत कोणीही उठून आपला समुदाय कुठे आहे ते सांगू शकत होतं. हॅमट्रॅमिकचे बंगाली आले, डिअरबॉर्नचे अरब आले, मच्छीमार आले, विद्यापीठातली पोरं आली. आम्हीही गेलो. कॅन्टनचं हिंदू मंदिर, नोव्हायचं वेंकटेश्वर मंदिर, मधली किराणा दुकानं, मुलांचे मराठी शाळेचे वर्ग, असा एक नकाशा मी घरी बसून काढला होता. बोलायला मिळाली मोजून एक-दोन मिनिटं. मी उठलो आणि अर्धा वेळ 'किराणा' म्हणजे काय ते सांगण्यातच गेला. शेवटच्या नकाशात कॅन्टन आणि नोव्हाय दोन्ही नव्या ६ व्या मतदारसंघात आली. माझ्यामुळे नव्हे, हे मला माहीत आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आयोगाने नकाशांना झाडांची नावं दिली होती. काँग्रेसचा जो मंजूर झाला त्याचं नाव 'चेस्टनट'. तारीख २८ डिसेंबर २०२१.

आता डेट्रॉइट. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६,३९,१११, त्यात साधारण चारातले तीनहून जास्त काळे. मतदारसंघाला लागतात ७,७५,१७९. म्हणजे अख्खं डेट्रॉइट एका मतदारसंघात मावतं, वर जागा उरते. तसं केलं तर एक काळा प्रतिनिधी नक्की, पण मग लोक म्हणणार, हे तर २०११ सारखंच कोंबणं झालं. शहर दोन भागांत तोडून दोन्हींना उपनगरं जोडली तर दोन जागांवर वजन राहतं, पण दोन्हीकडे काळ्या मतदारांचा वाटा निम्म्याखाली येतो. जुन्या नकाशात त्यांच्या बहुमताचे दोन मतदारसंघ होते. नव्यात एकही नाही. आयोगाने दुसरा रस्ता धरला: १२ वा आणि १३ वा. नोव्हेंबरचं गणित मांडलं तर दोन्ही डोळे मिटून डेमोक्रॅटिक. कागदावर उत्तम.

मग संगीत खुर्ची सुरू झाली. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे खासदार त्या राज्याचा रहिवासी असला की पुरे, मतदारसंघातच राहायला हवा असं नाही. त्यामुळे रेघ सरकली की माणसंही सरकतात. डिअरबॉर्नच्या डेबी डिंगेल घर बदलून अॅन आर्बरला गेल्या आणि आमच्या ६ व्यातून उभ्या राहिल्या. रशिदा तलैब जुन्या १३ व्याच्या खासदार. त्यांनी डिअरबॉर्न आणि साउथफील्ड असलेला नवा १२ वा घेतला. १४ व्याच्या ब्रेंडा लॉरेन्स यांनी जानेवारी २०२२ मध्ये निवृत्ती जाहीर केली. १३ वा रिकामा पडला.

सुरक्षित आणि रिकामी जागा म्हणजे आपल्याकडे बंडखोरीचं आमंत्रण. इथे 'बंडखोर' हा शब्दच नाही, कारण तिकीट द्यायला कोणी हायकमांड नाही. सह्या आणा आणि उभे राहा. शहरातल्या काळ्या नेत्यांनी बैठका घेऊन एका नावावर एकमत करायचा प्रयत्न केला. राज्याच्या विधिमंडळातल्या वरच्या सभागृहाचे, म्हणजे सिनेटचे, सदस्य अॅडम हॉलिअर यांचं नाव पुढे केलंही. तरी मतपत्रिकेवर ९ नावं आली. माघारीसाठी मनधरणी चालते, पण माघार घेतल्यावर द्यायला काही हवं ना! महामंडळ नाही, विधान परिषद नाही. रिकाम्या हाताने समजूत घालणं किती अवघड असतं ते मी जवळून पाहिलंय.

त्या नऊ जणांत ठाणेदार होते. जन्म चिकोडीचा, वाढले बेळगावात, घरची परिस्थिती बेताची, मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र, मग अमेरिकेत पीएच.डी. आणि व्यवसाय. २०१८ मध्ये ते गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत स्वतःचे लाखो डॉलर घालून उतरले. राज्यात तिसरे आले, पण डेट्रॉइट शहरात त्यांना चांगली मतं पडली. हे त्यांनी बरोबर हेरलं, अॅन आर्बरहून डेट्रॉइटला राहायला आले आणि २०२० मध्ये तिथून राज्याच्या विधानसभेत गेले. २०२२ च्या २ ऑगस्टला १३ व्याची प्रायमरी त्यांनी सुमारे २८ टक्के मतांनी जिंकली. हॉलिअर पाचेक टक्के मागे. उरलेली मतं सात जणांत विखुरली. इथे दुसरी फेरी नसते, ज्याला जास्त तो निवडून आला. नोव्हेंबर ठरलेलाच होता. १९५५ पासून डेट्रॉइटचा एक तरी काळा खासदार काँग्रेसमध्ये असायचा, तो जानेवारी २०२३ मध्ये राहिला नाही.

मराठी मंडळींत त्या रात्री पेढे वाटले गेले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर दहा वर्षं दारं ठोठावणारी डेट्रॉइटची एक कार्यकर्ती भेटली. साठीच्या पुढची, चर्चच्या तळघरात आमच्या बैठका भरवणारी. तिने माझं अभिनंदन केलं, तुमच्यातला निवडून आला म्हणून. मग म्हणाली, "रेघा मारणाऱ्यांनी आम्हाला विचारलं होतं. आम्ही सांगितलं होतं." बाकी काही बोलली नाही.

ठाणेदारांनी काही गैर केलं नाही. जागा मोकळी होती, पैसा स्वतःचा होता, माणूस घरोघरी फिरला. २०२४ मध्येही ते जिंकले. हॉलिअर पुन्हा उभे राहणार होते, पण हजार वैध सह्या भरल्या नाहीत. (मॅकॉटर आठवले ना? आमच्याकडे सह्यांचे कागद भल्याभल्यांना खातात.) दोष काढायचाच तर आयोगाच्या आकडेवारीत काढावा लागेल, आणि ती गोष्ट कोर्टात सिद्ध झाली, मात्र काँग्रेसच्या नकाशाबद्दल नव्हे, राज्याच्या विधिमंडळाच्या.

तिथे आयोगाने डेट्रॉइटमधून उत्तरेच्या उपनगरांकडे लांबलचक पट्ट्या काढल्या, कलिंगडाच्या फोडींसारख्या. सल्लागारांचं म्हणणं होतं की काळ्या मतदारांचा वाटा ३५ ते ४५ टक्के असला तरी त्यांच्या पसंतीचा उमेदवार येतो. नोव्हेंबरचे आकडे तसं सांगतही होते. पण नोव्हेंबरमध्ये गोरे डेमोक्रॅट आणि काळे डेमोक्रॅट एकाच उमेदवाराला मत देतात, ऑगस्टमध्ये देतीलच असं नाही. आणि ऑगस्टचे आकडे त्यांच्याकडे जवळजवळ नव्हतेच. मिशिगनमध्ये मतदारयादीत पक्षाची नोंद नसते. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी, मतदार गुपचूप एक निवडतो. राज्यभर लढली गेलेली अलीकडची डेमोक्रॅटिक प्रायमरी म्हणाल तर २०१८ ची गव्हर्नरपदाची. तीच, जिच्यात ठाणेदार तिसरे आले होते. डिसेंबर २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टाने डेट्रॉइट परिसरातले १३ मतदारसंघ वंशाच्या आधारे आखले म्हणून रद्द केले: विधानसभेचे ७, सिनेटचे ६. आयोगाला पुन्हा बसावं लागलं. विधानसभेच्या नव्या नकाशाचं नाव ठेवलं 'मोटाउन साउंड' (मोटाउन हे डेट्रॉइटचं टोपणनाव). शहर नाराज होतं, निदान नाव तरी शहराचं.

आता पक्षाच्या आतलं, ज्याबद्दल कोणी लिहीत नाही. मिशिगनमध्ये डेमोक्रॅट्सची प्रत्येक काँग्रेस मतदारसंघाची स्वतंत्र समिती असते: अध्यक्ष, खजिनदार, बँक खातं, वार्षिक जेवण. डेट्रॉइटमधल्या या समित्यांच्या शिफारशीच्या छापील यादीला मोठी किंमत. म्हाताऱ्या बायका ती पर्समध्ये घालून मतदानाला येतात. एका डिसेंबरात १४ वा मतदारसंघच नाहीसा झाला. ११ व्याचे आम्ही अर्धे ६ व्यात. मग खात्यातले पैसे कोणाचे? नवीन अध्यक्ष कोण? ईमेलची यादी कोणाकडे? आमच्या भागातल्या एका समितीत कॉफीच्या मोठ्या किटलीवरून दोन बैठका झाल्या. हसू नका, किटली ज्याच्याकडे त्याच्या घरी बैठक, आणि बैठक ज्याच्या घरी त्याच्या ओळखीचे लोक हजर. ही मोडतोड ऐन प्रायमरीच्या तोंडावर चाललेली असते. जुनं जाळं तुटलेलं, नवं विणलेलं नाही. अशा वर्षी ज्याच्याकडे टीव्ही जाहिरातींचे पैसे आहेत तो जिंकतो, आणि ज्याची भिस्त समित्यांवर तो हरतो. १३ व्यात तेच झालं, असं माझं मत आहे.

आणखी एक ठिकाण: ११ वा आणि १० वा. आयोगाने विद्यमान खासदारांची घरं बघायची नाहीत, हा नियम ऐकायला छान आहे. परिणाम असा की हेली स्टीव्हन्स आणि अँडी लेव्हिन हे दोन डेमोक्रॅटिक खासदार ११ व्यात आमनेसामने आले. लेव्हिन यांच्या जुन्या मतदारसंघाचा बराच भाग शेजारच्या १० व्यात गेला होता, तिथून लढा असं अनेकांनी सांगितलं, पण ते घर असलेल्या ११ व्यातच लढले आणि प्रायमरीत हरले. आणि १० वा? नोव्हेंबरात रिपब्लिकन जॉन जेम्स तिथून सुमारे १,६०० मतांनी जिंकले. पूर्वी पक्षाचे व्यवस्थापक बंद खोलीत असले पेच सोडवायचे. आता खोली बंद नाही, आणि पेच सोडवणाराही कोणी नाही.

मग आयोग नको होता का? हवा होता, मी आजही सही देईन. २०२२ मध्ये काँग्रेसच्या जागा ७ डेमोक्रॅट, ६ रिपब्लिकन. २०२४ मध्ये वारं फिरलं तर ६ आणि ७. मतं फिरली की जागा फिरतात, एवढं तरी झालं. २०११ च्या नकाशात ते सहजासहजी होत नव्हतं. दुसरा रस्ता उरलाही नव्हता: २०१९ च्या 'रूचो' निकालात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की पक्षीय जेरीमँडरिंग हा फेडरल कोर्टाचा विषय नाही. आमचा 'कचऱ्या'चा खटला दोनच महिने आधी जिंकला होता, तो त्या निकालात वाहून गेला. त्याचं पुढचं पाऊल २०२५ मध्ये दिसलं. टेक्सासने जनगणनेची वाट न बघता, मध्येच, रिपब्लिकनांना पाच जागा वाढाव्यात म्हणून नकाशा बदलला, आणि कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरात सार्वमत घेऊन उलटा नकाशा आणला. मिशिगनच्या विधिमंडळाला तसं करता येत नाही, पेन्सिलच त्यांच्याकडे नाही.

तुम्ही पुण्याच्या आहात, म्हणून एक तुलना. लोकसभेच्या डिलिमिटेशनशी नका करू, तिथे आयोगाच्या आदेशाला कोर्टात आव्हानही सहसा चालत नाही. महापालिकेच्या प्रभागरचनेशी करा. एक नगरसेवकाचा प्रभाग, तीनचा की चारचा, यावर सरकार बदललं की निर्णय का बदलतो? चार जणांच्या प्रभागात एकट्या लोकप्रिय कार्यकर्त्याचं काय होतं? हरकती-सूचनांच्या सुनावणीला जाऊन बसा एकदा. नाल्याची हद्द बदलली म्हणून तावातावाने बोलणारा माणूस नाल्यासाठी बोलत नसतो.

आणि अभ्यासासाठी एक काम देतो. 'डेव्हज रिडिस्ट्रिक्टिंग' हे संकेतस्थळ फुकट आहे. मिशिगन उघडा, १३ मतदारसंघ घ्या. आधी डेट्रॉइट एका मतदारसंघात बसवा. मग तेच शहर दोनमध्ये तोडा. प्रत्येक वेळी शेजारच्या मॅकोम काउंटीचं, म्हणजे १० व्याचं, काय होतं ते बघा. शहराचा एक वॉर्ड इकडचा तिकडे केला की ७,७५,१७९ चं गणित जुळवायला चार गावं हलवावी लागतात, आणि चौथ्या गावात कोणाचं तरी घर असतं. ते घर कोणाचं आहे हे तुम्हाला कळलं, की बघायचं नाही हे किती अवघड आहे तेही कळेल.